शेताकडेच्या दिव्यांवर आच्छादन हवे

मा. संपादक महोदय,

गोव्यातील खाजनांच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खारट शेतजमिनींच्या) कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर दिवे लावताना त्यांचा उजेड शेतात किती पडतो, याचा विचार होताना दिसत नाही. खांबाजवळचे सरदाचे (पावसाळी हंगामाचे) भात हिरवेच राहिले आणि पलीकडचे निसवले (लोंब्या बाहेर आल्या), की दोष खताला किंवा बियाण्याला दिला जातो. दिव्याकडे कोणी पाहत नाही.

भात हे मुळात लहान दिवसाचे, म्हणजे दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्यावर येणारे पीक. गोव्यातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. पण हा थोडका फरकही हंगामी पारंपरिक वाणांना पुरतो. दिवसाच्या लांबीचे मोजमाप पानात होते. तेथे कॉन्स्टन्स कुळातील ‘एचडी-१’ हे जनुकनियंत्रक प्रथिन दिवस लहान असताना ‘एचडी-३ए’ हे फुलोरा आणणारे जनुक चालू करते आणि दिवस मोठा असताना तेच दाबून धरते. (अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातील रोपट्यात खुद्द कॉन्स्टन्स मोठ्या दिवसांत फुले आणते, इतक्या जवळच्या नात्यात इतके उलटे वागणे मला आजही नवलाचे वाटते.) ‘एचडी-३ए’चे प्रथिन पानातून शेंड्याकडे जाते, तेथे ‘एफडी’ या दुसऱ्या जनुकनियंत्रक प्रथिनाशी जुळते, मग फुलोरा घडवणारी मॅड्स कुळातील जनुके कामाला लागतात आणि लोंबीची घडण सुरू होते.

मुद्दा असा, की मध्यरात्री अवघी १० मिनिटे उजेड दिला तरी ‘एचडी-३ए’ दबते आणि फुलोरा लांबतो, हे भातावरील प्रयोगांत दिसले आहे. तो उजेड फायटोक्रोम-बी हे पानातील प्रकाशग्राही प्रथिन ओळखते. रस्त्यावरचा दिवा प्रयोगशाळेतल्याइतका प्रखर नसेल, पण तो रात्रभर जळतो. १९६८ साली प्रसारित झालेल्या ‘जया’सारख्या वाणाला दिवसाच्या लांबीचे फारसे सोयरसुतक नसल्याने ‘आमच्या भाताला काही झाले नाही’ असे कोणी सांगितले, तर आधी वाण कोणते ते विचारावे. खाजनात उशीर अधिकच महाग पडतो, कारण पाऊस ओसरला की जमिनीतील खारटपणा पुन्हा वाढू लागतो.

दिवे काढा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र शेताच्या बाजूला आच्छादन बसवून उजेड रस्त्यावरच पाडावा आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मध्यरात्रीनंतर तो मंद करावा, एवढे संबंधित खात्यांनी पुढच्या सरदापूर्वी ठरवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, तिसवाडी