दादाला घर मिळवून देणाऱ्यांना

दादा सैन्यातून परतला आणि पुढची काही वर्षं आमच्या हातून निसटतच गेला. नोकरी टिकली नाही, भाडं थकलं, मग फोनही बंद झाला. तो गाडीत झोपतोय, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तुम्हाला तो आमच्या आधी सापडला होता. प्रार्थनास्थळामागच्या खोलीत बसणाऱ्या ताईंनी त्याला टपालासाठी आपल्या कार्यालयाचाच पत्ता दिला. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून काम नाही, ही गाठ तिथे सुटली. सेवामुक्तीचा कागद हरवला होता. प्रत हाती येईपर्यंत ताई अर्जामागून अर्ज करत राहिल्या.

आधी व्यसन सोड, मग घर, अशी अट तुम्ही घातली नाहीत. आधी घर, बाकीचं नंतर, हा विचार १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या कामातून रुजला. तो किती खरा आहे, हे मी दादाकडे बघून सांगते.

घर मिळाल्यावर पहिले काही दिवस तो बूट न काढता, भिंतीला पाठ लावून जमिनीवर झोपायचा. किल्ली दोरीत ओवून गळ्यात. तुमच्यातले एक काका, तेही माजी सैनिक, रोज संध्याकाळी येऊन नुसते शेजारी बसायचे. मुलाखतीला त्यांनीच नेलं, आणि तो बाहेर येईपर्यंत दारात उभे राहिले.

त्याचा धर्म कोणता, हे कुणीच विचारलं नाही.

दादा आता पलंगावर झोपतो, सकाळी कामावर जातो. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.