चिमूरच्या व्हिडिओत झेंडा कोणता?

महोदय,

ऑगस्ट आला की ‘चले जाव’ आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या लढ्यावर शाळाशाळांतून व्हिडिओ निघतात. त्यांतल्या अनेकांत १९४२ चा मोर्चा अशोकचक्राचा तिरंगा घेऊन चालतो. झेंड्यावर चक्र आले ते २२ जुलै १९४७ च्या ठरावाने. १६ ऑगस्ट १९४२ चा झेंडा चरख्याचा. मागे नकाशा महाराष्ट्राचा, जे राज्य १९६० पर्यंत नव्हतेच. तेव्हा हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि चंद्रपूरला चांदा म्हणत. नेटवरून चित्र उचलले की हे व्हायचेच. एआयने काढलेले चित्र असेल, तर त्याच्यावरच ‘काल्पनिक’ असे लिहावे.

१८५७ ते १९४७ चार मिनिटांत कोंबू नये. चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण का केले, एवढ्यावर आठवीचा अख्खा तास रंगतो. मजकूर आधी कागदावर हवा. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द धरले, तर चार मिनिटांना साधारण चारशे.

खरी माती होते ती आवाजात. स्मारकापुढे उभे राहून बोलले की माइकमध्ये वारा घुसतो, टिनाच्या वर्गखोलीत आवाज घुमतो. तिथे फक्त चित्रण करावे, निवेदन घरी. पंखा-कूलर बंद (लोडशेडिंगचा हा एकच उपयोग), भिंतीला गोधडी, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा तिरपा; म्हणजे ‘प’, ‘भ’ म्हणताना फुत्कार येत नाही.

चित्रण आडव्या मोबाइलनेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले ‘हाय एफिशियन्सी’ बंद ठेवावे, नाहीतर शाळेच्या जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फाइल एमपी४, एच.२६४ (जुन्या टीव्हीवरही चालणारा प्रकार) मध्ये काढून पेनड्राइव्हवर द्यावी. व्हॉट्सॲपनेच पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. एरवी ती दाबली जाऊन नकाशावरची गावे पुसट होतात. काही एडिटिंग ॲपांत ‘चिमूर’ची पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. मग शीर्षक दुसरीकडे टाइप करून त्याचा फोटोच टाकावा.

छायाचित्रकाराच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली की छायाचित्रावर आपल्याकडे स्वामित्वहक्क उरत नाही, तरी ते कुठून घेतले हे खाली लिहावे. सिनेमाचे गाणे मागे लावू नये. निवेदन तर बुडतेच, हक्काची भानगड वेगळी.

मुलांना दाखवण्यापूर्वी शिक्षकाने शेवटच्या बाकावर बसून व्हिडिओ एकदा पाहावा. तिथून सनावळी वाचता आली नाही, तर अक्षर दुप्पट करावे.

– एक इतिहास शिक्षक, जि. चंद्रपूर