प्रेसिडेंट म्हणजे कुलगुरूच, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "असोसिएट डीन? म्हणजे बढतीच की!" आणि मागून आई, "मग आता शिकवणं बंद?" दोघांना एकदम उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले.

इकडे अमेरिकेत डीन म्हणजे शाखेचा प्रमुख आणि असोसिएट डीन त्याच्या हाताखालचा. डीनच्या वर प्रोव्होस्ट, म्हणजे सगळा शैक्षणिक कारभार बघणारा, आणि सगळ्यात वर प्रेसिडेंट. प्रेसिडेंट म्हणजे आपले कुलगुरूच, बाबा. नाही, मला तिथवर जायचं नाहीये. पण चार्ल्स व्हेस्ट तिथवर पोहोचले. मिशिगन विद्यापीठात १९६८पासून यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवणारा माणूस. १९८१मध्ये असोसिएट डीन, १९८६मध्ये डीन, १९८९मध्ये प्रोव्होस्ट आणि पुढच्याच वर्षी एमआयटी या इकडच्या नामवंत तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्रेसिडेंट, ते २००४पर्यंत.

त्यांच्या काळातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी. तिथल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापक नॅन्सी हॉपकिन्स माशांच्या टाक्यांसाठी २०० चौरस फूट जागा मागत होत्या. मिळेना. शेवटी बाईंनी टेप घेतला आणि स्वतःच प्रयोगशाळा मोजत हिंडल्या! मग इतर बायकांशी बोलणं झालं. अख्ख्या विज्ञान शाखेत कायम झालेल्या बायका अवघ्या १५, पुरुष दोनशेच्या घरात. समिती बसली, वर्षं गेली. १९९९मध्ये अहवाल छापला, तेव्हा व्हेस्ट यांनी सुरुवातीलाच लिहिलं, की भेदभाव थोडा खरा आणि थोडा समजुतीचा असं मी मानत आलो, पण खऱ्याचंच पारडं कितीतरी जड आहे हे आता कळलं. संस्थाप्रमुखाने हे आपल्या नावानिशी छापायचं! कुठल्याही वकिलाने आधी खोडायला लावलं असतं. पुढे २००१मध्ये एमआयटीने शिकवण्याचं साहित्य इंटरनेटवर फुकट खुलं करायची घोषणा केली, त्याचंच कौतुक जास्त होतं. मला टेपची गोष्ट मोठी वाटते.

आई, शिकवणं बंद नाही गं, वर्षाला एक विषय राहील. सुटणार आहे ती प्रयोगशाळा. आहेत ते दोन विद्यार्थी पीएचडी संपवतील, नवे घेणार नाही. काल लेझरच्या टेबलावरचा एक आरसा जुळवण्यात तास गेला. किरण एकदाचा भोकातून आरपार गेला आणि मी उगाच पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. असा तास आता कॅलेंडरात मागून घ्यावा लागेल. त्याचं वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

तरी हो म्हणून टाकलंय. कारण ऐका. माझ्याकडे येणारं पहिलं काम म्हणजे जागावाटप. कोणाला किती खोल्या, त्याचा छान रंगीत नकाशा ऑफिसात आहे. पण बाबा, कपाट घ्यायच्या आधी दुकानदाराने दिलेलं माप बाजूला ठेवून तुम्ही भिंत तीनदा मोजायचात, आणि टेपचं दुसरं टोक धरायला मला उभं करायचात. सोमवारी एका विद्यार्थ्याला दुसरं टोक धरायला बोलावलंय.

तुमचीच,
धाकटी