कापसाच्या खोलीतून

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
२५ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

कसा आहेस बे? परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओसरीत कानाला हेडफोन लावून बसलो होतो, वाजलेला कळलाच नाही. राग धरू नको. पाच गाणी रेकॉर्ड झाली. सगळी आपली, आपल्या बोलीतली. सहाव्यासाठी तुला एक विचारायचं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तू पुण्याला गेलास आणि मी अन् मामेभाऊ दोघंच उरलो. माझी गिटार, त्याची खंजिरी. तुकडोजी महाराजांना जाऊन १९६८ पासून किती वर्षं झाली, तरी आपल्या गावात सामुदायिक प्रार्थना आटोपली की खंजिरी निघतेच. तो तिथंच शिकला. मग वरातीच्या बॅन्डात कॅसिओ वाजवणारा एक पोट्टा आला आणि शेवटी माझी आत्येबहीण. तिला गाणं कोणी शिकवलं नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत ती घरोघर फिरली, तेवढंच. तिचा आवाज अंगणात तयार झालेला आहे, दबकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात पैसे जमवून नागपूरच्या एका स्टुडिओत गेलो होतो. लय धरून ठेवायला कानात सारखी टिकटिक. भजनात लय चढत जाते, तोच तर त्याचा जीव. ती टिकटिक चढू देईना. वरून तिथल्या माणसानं खंजिरीचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर सरकवून त्या टिकटिकीच्या रेघेवर नेऊन बसवला. मामेभावानं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, हे म्या नाही वाजवलं." यवतमाळ येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. ते गाणं मी कोणाला ऐकवलेलं नाही.

आता खरी गोष्ट. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, आणि दारात येणारा व्यापारी त्याहून बराच कमी मागत होता. बाबांनी कापूस मधल्या खोलीत भरून ठेवला. एक दिवस पोतं ठेवायला आत गेलो, खोकलो, आणि जागीच थांबलो. खोकल्याचा आवाज घुमून परत आलाच नाही. टाळी वाजवून पाहिली, तिथंच मुरली. स्टुडिओवाले भिंतींना महागाचे फोम लावतात ते याचसाठी. बारीक आवाज गोधडीतही मुरतो, पण जाड घुमारा अडवायला जाड थर लागतो. आपल्याकडे छातीएवढा ढीग होता!

बाबा आधी नाहीच म्हणाले. "वायर गियर काही नाही पायजे आत. कापूस हाय तो, पेटला तं घर जाईन." त्यांचं बरोबर होतं. म्हणून लॅपटॉप आणि इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपात नेणारा डबा, ओसरीत, आणि खिडकीतून फक्त माईकच्या दोन वायरी आत. इंटरफेस जुना घेतलेला, त्याला दोनच माईक लागतात. त्यामुळे कोण किती दूर उभं राहील तेच आमचं मिक्सिंग. बहीण माईकपासून वीतभर, मामेभाऊ पार दाराशी. टिकटिक काढून टाकली. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवतो. एक गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत सुरू होऊन ११० ला संपतं, आणि मला ते तसंच पाहिजे.

दिवसा ट्रॅक्टर, म्हणून रात्रीच बसायचो. पण शेतातली लाईन रात्रीची आली की कॅसिओवाला हरभऱ्याच्या ओलिताला जातो. त्या आठवड्यात काम बंद. थंडीतल्या दमटपणानं खंजिरीचं कातडं सैल पडतं, मग मामेभाऊ अंगणाच्या पार टोकाला शेकोटीवर ती तापवून आणायचा आणि ताण आहे तोवर आम्ही घाईनं एक टेक घ्यायचो. अंगाला खाज सुटते ती वेगळीच. बहिणीचे हात लाल झाले, पण ती एकदाही बस म्हणाली नाही. तिचं मला फार वाटतं रे.

आता तुझं. विहिरीच्या थारोळ्यावर बसून तू दुसरं कडवं गुणगुणलं होतंस, ते माझ्या फोनमध्ये आहे. मागं मोटारीचा आवाज आहे. तो काढायला गेलो तर तुझा आवाजही पातळ झाला, म्हणून हात लावला नाही. पहिलं कडवं बहीण गाते, मग वाद्यं थांबतात आणि मोटारीसकट तू येतोस. पहिल्यांदा जोडून ऐकलं तेव्हा आई चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "हा तं आपला पोट्टा हाय."

तुझा आवाज असाच ठेवू का? तुला न विचारता मी गाणं बाहेर काढणार नाही. हो म्हण की नाही, शब्द तुझे आहेत, गीतकार म्हणून तुझं नाव लागेलच.

बाबांनी कापसासाठी १० फेब्रुवारीची गाडी सांगितली आहे. तू नाही म्हणालास तर ते कडवं बहिणीकडून खोली भरलेली असतानाच गाऊन घ्यावं लागेल. ८ तारखेपर्यंत फोन कर. रात्री नवाच्या आधी कर, नंतर आम्ही आत असतो.

तुझाच,
गिटारवाला