उखीमठहून, आई-आबांना

ती. आबा आणि आई,
सा. नमस्कार.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. चौघी मिळून जातोय असं म्हटलं होतं, ते खरं नव्हतं. मी एकटीच आले. आई, तुझ्या डोळ्याला डोळा लागला नसता म्हणून बोलले नाही. चुकलंच. यापुढे खोटं सांगून निघणार नाही. निघायचं मात्र सोडवणार नाही.

हरिद्वारहून बसने उखीमठ, तिथून शेअर जीपने चोपता, पुढे पाठीवर सॅक आणि चढण. तुंगनाथचं देऊळ बंद होतं, हिवाळ्यात देव खाली मक्कूमठला असतात. आई, तुझ्या नावाने पायरीवर डोकं टेकलं. मग वर चंद्रशिलेवर जाऊन कानटोपी घट्ट धरून बसले.

आबा, अजिंक्यताऱ्यावर घार बघायची तर मान वर करावी लागते. हे दाढीवालं गिधाड माझ्या पायाखालच्या दरीतून वर आलं, त्यामुळे आधी त्याची पाठच दिसली. पंखांचा पसारा नऊ फुटांच्या घरात, पण एकदाही हलवले नाहीत. छाती गेरू फासल्यासारखी तांबूस. ते खरंच तांबड्या मातीत अंग माखून घेतात. पायात हाड होतं. उंचावरून खडकावर सोडलं, फुटलं नाही. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या खेपेला वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मग गिरकी घेत उतरलं आणि तुकडा अख्खा गिळला.

तेव्हा तुम्ही सांगायचा तो माळ आठवला. बैल मेला की ओढ्यापलीकडे टाकायचा, आभाळ गिधाडांनी भरायचं, संध्याकाळी नुसता सापळा. त्याच गावात मी वाढले, पण एकही गिधाड पाहिलं नाही. जनावराला दिलेलं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध मेल्यावरही मांसात उरतं आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांचं औषध गोठ्यात येऊ शकतं. म्हणून गाईला इंजेक्शन देताना डॉक्टरांना नाव विचारत जा. मेलॉक्सिकॅम असेल तर काळजी नाही, त्याने गिधाडं मरत नाहीत.

शनिवारी पहाटे साताऱ्यात उतरेन. स्टँडवर येऊ नका, थंडी असते. आबा, गुडघा बरा असेल तर मला तो माळ दाखवा, आणि ती गिधाडं कुठल्या झाडावर बसायची तेही.

तुमची,
धाकटी