पीएचडीनंतरची नोकरी : शनिवारी बैठक

सर्व संशोधक मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता रसायनशास्त्र विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये जमायचं आहे. औषध कंपनीत, पेटंटच्या कामात आणि विज्ञानलेखनात असलेले आपले माजी विद्यार्थी बोलतील. चौथ्या-पाचव्या वर्षाच्यांनी चुकवू नये. गाइडची परवानगी लागणार नाही, शनिवार आहे!

• बायोडेटा छापून आणा, दोनच पानांचा. शोधनिबंधांची यादी वेगळ्या कागदावर. एचपीएलसी, एनएमआर या रासायनिक तपासणीच्या यंत्रांपैकी स्वतः काय चालवता, ते वरच लिहा; कंपनीवाले आधी तेच बघतात.
• पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञानाची पदवी पुरते, पण पेटंट कायदा १९७० वाचावाच लागतो.
• पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाला) जाणाऱ्यांनी प्रबंध जमा होण्याची वाट न बघता पत्रव्यवहार सुरू करावा.

नावं गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.