कालव्यावरून दिसणारं लंडन

नाशिक
रविवार, सकाळ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज येऊन आज आठ दिवस झाले. फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावरच्या आपल्या विमान उडवायच्या खेळासाठी, लंडनची सीनरी (उडताना खाली दिसणारं शहर) घ्यायचीय, कुठली घेऊ, एवढंच तू विचारलं होतंस. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण शेवटी तू लिहिलंस की पोरगी पूर्व लंडनमध्ये माइल एंडला राहते, ती गल्ली एकदा वरून बघायचीय. ते वाचलं आणि माझं आधीचं मत पुन्हा तपासून घ्यावंसं वाटलं. आठवडाभर रोज रात्री जेवणं झाली की तास-दीड तास लंडनवर उडत होतो. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लंडनची सीनरी विकणारा प्रत्येक जण तुला तेच चार फोटो दाखवेल: टॉवर ब्रिज, लंडन आय, संसदेचं घड्याळ आणि शार्ड ही उंच काचेची इमारत. या चार गोष्टी बहुतेक सगळ्यांनी मन लावून केलेल्या असतात. त्यावरून निवड करू नकोस. तुझ्या पोरीची गल्ली त्या फोटोंत कुठेच नाही.

मी या वेळी वेगळी कसोटी लावली. लंडनच्या उत्तर अंगानं रीजंट्स कॅनॉल नावाचा एक कालवा जातो. १८२० साली पूर्ण झालेला, चौदा किलोमीटरच्या आसपास लांबीचा. पॅडिंग्टनजवळ सुरू होतो, कॅम्डन, इझलिंग्टन, हॅकनी करत माइल एंडवरून खाली लाइमहाउसला थेम्सला मिळतो. वाटेत तो प्रिमरोझ हिल आणि रीजंट्स पार्क यांच्या मधून जातो. टेकडीच्या उत्तरेला किंग हेन्रीज रोड आहे, आणि तिथलं १० नंबरचं घर म्हणजे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर. २०१५ साली आपल्या सरकारनं ते विकत घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा ठरवलं की बाबासाहेबांच्या घरावरून निघायचं, टेकडी ओलांडून कालवा धरायचा आणि नकाशा न उघडता माइल एंडला पोचायचं. हेलिकॉप्टरनं, हजार फुटांच्या खाली राहून. प्रत्यक्षात एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरला मध्य लंडनवर असं हवं तिथून जाता येत नाही, मुख्यतः थेम्सच्या पात्रावरून आखलेल्या वाटेनंच जावं लागतं. सिम्युलेटरनं दिलेली ही मुभा आहे, ती घेतली.

सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरपासून करतो, कारण तुझ्याकडे तोच आहे. तो ऑगस्ट २०२० मध्ये आला तेव्हाचं लंडन तुला आठवत असेल. खाली बिंग मॅप्सचे हवाई फोटो, आणि त्या फोटोंतली छपरं ओळखून संगणकानं आपोआप उभ्या केलेल्या इमारती. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या ब्लॅकशार्क या कंपनीनं ते काम केलं होतं. अख्ख्या पृथ्वीवर असं करणं ही अफाट गोष्ट होती, आजही मला तिचं अप्रूप वाटतं. पण संगणकाला छप्पर दिसतं, आत कोण राहतं ते कळत नाही. बकिंगहॅम पॅलेसच्या जागी साधी ऑफिसची इमारत उभी राहिली आणि ती बातमी वर्तमानपत्रांत आली. त्याच दिवसांत सीनरी बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बेक्स कंपनीनं लंडन लँडमार्क्स पॅक काढला. हातानं घडवलेल्या प्रसिद्ध वास्तू, योग्य जागी. तेव्हा तो घेणं हाच शहाणपणा होता.

मग फेब्रुवारी २०२१ मध्ये युनायटेड किंग्डम आणि आयर्लंडचा वर्ल्ड अपडेट आला, फुकट, आणि त्यात लंडनची फोटोग्रामेट्री आली. इथे खेळच बदलला. फोटोग्रामेट्रीत विमानातून चहूबाजूंनी तिरके फोटो काढतात आणि एकच बिंदू वेगवेगळ्या फोटोंत कुठे दिसतो यावरून त्याची उंची काढतात. मग त्या आकारावर तेच फोटो ताणून बसवतात. यात राजवाडा आणि चाळ असा भेद नसतो. कॅमेऱ्याला जे दिसलं ते सगळं येतं.

किंग हेन्रीज रोडवर पहिल्यांदा असा उतरत गेलो तेव्हा मी बराच वेळ एका जागी तरंगत राहिलो. घरांची सलग रांग, मागच्या बाजूला लांबट बागा, छपरांवर धुराड्यांचे जुडगे. नेमकं १० नंबरचं घर कोणतं ते वरून बोट ठेवून सांगता येत नाही, पण रांग तीच, वळण तेच. तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सरळ रेषेत चार किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत ब्रिटिश म्युझियमचं काचेचं छप्पर लागतं, मधोमध त्या गोल वाचनालयाचा घुमट. बाबासाहेब त्या वाचनालयात तासन् तास वाचत बसत हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते अंतर मला या आठवड्यात पहिल्यांदा डोळ्यांनी मोजता आलं. ते काचेचं छप्पर २००० सालचं आहे, त्यांच्या वेळी नव्हतं, घुमट मात्र होता.

आता कालवा. फोटोग्रामेट्रीत खरी अडचण इथे येते आणि ती तुला माहीत असायला हवी. झाडं म्हणजे पानांचा हलता पसारा, त्याचे बिंदू नीट जुळत नाहीत, म्हणून झाडाचा हिरवट गोळा होतो. कालव्याच्या दोन्ही काठांवर झाडं. पुलाखालचा भाग वरून दिसत नाही, म्हणून पुलाखाली भिंतच भरलेली असते. पाणी चमकतं, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग कुठे फुगतो, कुठे खचतो. पाचशे फुटांवरून कॅम्डनचे लॉक (बोटी वर-खाली नेण्यासाठी कालव्यात बांधलेले दरवाजे) शोधताना कालवा तुकड्या-तुकड्यांनी दिसत होता. हजार फुटांवर गेलो की तोच कालवा पुन्हा एकसंध. म्हणजे ही सीनरी एका ठरावीक अंतरावरूनच बघायची. रात्रीही तिचं बळ कमी पडतं, कारण भिंतींवर दिवसाचा फोटो आहे, सावल्यासुद्धा त्या दिवसाच्याच.

पण पोचलो. इझलिंग्टनला कालवा जवळजवळ नऊशे मीटर बोगद्यातून जातो. तिथे तो हातातून सुटला आणि पलीकडे सिटी रोड बेसिनचं पाणी दिसल्यावर पुन्हा सापडला. पुढे हॅकनी, मग व्हिक्टोरिया पार्कची मोठी हिरवळ, तिथून कालवा दक्षिणेला वळतो आणि माइल एंड येतं. पोरीनं पाठवलेल्या फोटोंतल्या तशा विटांच्या इमारती कालव्याच्या कडेला खरोखर तशाच होत्या. लँडमार्क पॅक चालू केला, बंद केला, या भागात काही फरक नाही, कारण त्याचं कामच ते नाही. थेम्सवर मात्र तो हवासा वाटतो. लंडन आयसारख्या १३५ मीटरच्या चाकाच्या बारीक तारा फोटोग्रामेट्रीला कधीच जमत नाहीत. तिथे हातानं घडवलेलं मॉडेलच लागतं.

एक अनुभव सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या विक्रेत्याचा स्वस्तातला लंडन पॅक घेतला होता. त्यात खालची फोटोग्रामेट्री काढून टाकायची सोय नव्हती. घड्याळाच्या मनोऱ्यावर दुसरा मनोरा बसला आणि जवळ गेलं की दोन्ही एकमेकांतून लुकलुकत राहायचे. पत्र लिहिलं, उत्तर नाही, पैसे गेले. म्हणून काहीही घेण्याआधी ते फोटोग्रामेट्रीसकट चालतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते बघ.

आता एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर. तुझा भाऊ ते वापरतो म्हणून त्याच्यासाठीही लिहितो. तिथली रीत वेगळी. सिमहेवनची एक्स-युरोप ही सीनरी फुकट आहे आणि ती ओपनस्ट्रीटमॅपवरून बनते. म्हणजे लोकांनी स्वतः बसून नकाशात आखलेली घरं, रस्ते, पाणी. त्यावर एक्स-प्लेनच्या साठ्यातल्या इमारती त्या-त्या घराच्या आकारात उभ्या केलेल्या. ऑर्बेक्सचं ट्रूअर्थ ग्रेट ब्रिटन साउथ विकतचं आहे. त्यात जमिनीवर हवाई फोटो आणि त्यावर घरं, पण डिस्कवर जागा भरपूर खातं. कालव्याच्या बाबतीत इथे मला मोठं समाधान मिळालं. पाणी स्वच्छ, झाडं झाडांसारखी, पूल पुलासारखे, खालून मोकळे. तीनशे फुटांवरूनही डोळा चुकत नाही. रात्री खिडक्यांत दिवे लागतात. उणीव एकच: घराचा आकार त्या घराचा, पण भिंत दुसऱ्याच कुठल्या तरी घराची. माइल एंडला पोचलास तर गल्ली सापडेल, ओळख पटणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर माझा फार जीव आहे. सेंट पॉल्स कॅथीड्रलची उंची १११ मीटर. त्याच्या भोवतीच्या इमारती किती उंच असाव्यात यावर १९३० च्या दशकापासून बंधन आहे, आणि ठरावीक जागांवरून तो घुमट दिसत राहिलाच पाहिजे असा नियम आहे. प्रिमरोझ हिलचा माथा त्यातलीच एक जागा. लेडनहॉल बिल्डिंग एका बाजूनं तिरकी झुकलेली आहे तीसुद्धा याच घुमटाच्या दृश्यासाठी. म्हणजे लंडनचं आकाश हे मुद्दाम राखलेलं आकाश आहे. ज्या सीनरीत इमारतींची उंची अंदाजानं टाकलेली असते, तिथे हे मोकळं आकाश बुजतं आणि शार्ड कितीही सुंदर केला तरी शहर परकं वाटतं. टेकडीच्या माथ्यावर हेलिकॉप्टर उतरव आणि आग्नेयेला बघ. घुमट सुटा दिसला तर त्या सीनरीवर विश्वास ठेव. फोटोग्रामेट्रीत तो दिसतो. उंचीची नोंद असलेल्या नकाशावरून केलेल्या सीनरीतही दिसतो.

तर तुझ्यासाठी सांगायचं तर आत्ता काही विकत घेऊ नकोस. तुझ्याकडे जे आहे त्यात वर्ल्ड अपडेट टाकून घे आणि सेटिंगमध्ये फोटोग्रामेट्री चालू आहे ना ते बघ. तुमच्याकडे संध्याकाळी नेट रखडतं, आणि फोटोग्रामेट्री सगळी नेटवरून येते. ती वेळेत आली नाही की घरं मेणासारखी वितळलेली दिसतात आणि माणूस सीनरीला दोष देतो. म्हणून मॅन्युअल कॅशेत (ठरावीक भाग आधीच उतरवून ठेवायची सिम्युलेटरमधली सोय) जाऊन प्रिमरोझ हिल ते लाइमहाउस एवढा पट्टा उच्च दर्जाचा निवड आणि रात्री झोपताना डाउनलोडला लाव. पुढच्या महिन्यात थेम्सवरून उडायची हौस आली तर लँडमार्क पॅक घे, तेव्हा तो पैसे वसूल करेल. भावाला सांग, एक्स-युरोप टाकल्यावर सीनरी पॅक्सच्या यादीच्या फाइलीत क्रम नीट लाव, वरचं खालच्याला झाकतं. जमिनीचे फोटो यादीच्या तळाशी.

पहिलं उड्डाण सकाळी नऊच्या लंडन वेळेला लाव. ऊन पूर्वेकडून तिरकं येतं, विटा लालसर दिसतात. व्हिक्टोरिया पार्कपासून वेग साठ नॉटच्या वर नेऊ नकोस, नाहीतर माइल एंड निघून जाईल.

आणि पोरीला विचार की तिच्या घराजवळ कालव्यावर कोणता पूल आहे, आणि घर पुलाच्या कुठल्या बाजूला. पुलाचा एक फोटोही मागव. मी त्यावरून तुझ्यासाठी फ्लाइट प्लॅन करून शनिवारी पाठवतो, शेवटचा बिंदू बरोबर त्या पुलावर ठेवतो. वहिनींनाही शेजारी बसव. त्यांना सांग, उजवीकडच्या खिडकीतून बघा.

तुझाच
मित्र